हस्तांतराचा कागद

बापाला, अबिलियुला, जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी सकाळपासून फेलिस्मिना एका जागी बसली नव्हती. छपराखाली बायका मका नि शेंगा शिजवत होत्या, मागच्या अंगाला डुक्कर कापणं चाललं होतं, अंगणात कोणीतरी कर्णा बांधून त्यात सारखं "एक, दोन, एक, दोन" ओरडत होतं. या सगळ्यांमधून ती नुसती येरझारा घालत होती. चुलीपाशी जायची, झाकण उचलायची, तसंच ठेवायची. मग वाटेवर येऊन खाली दरीकडे बघायची.

आज घरातला दुखवटा उतरायचा होता. सकाळी कबरीवर फुलं आणि पाद्रीबाबांची प्रार्थना झाली. आता जेवण, आणि जेवणानंतर आईच्या, म्हणजे आमाच्या, डोक्यावरचं काळं फडकं तिच्या भावाने आपल्या हाताने सोडायचं. त्यानंतर पोराबाळांसकट सगळ्यांचं काळं निघणार. पण फेलिस्मिनाचा जीव होता झऱ्यापाशी, पत्र्याच्या शेडमधल्या साल काढायच्या यंत्रात. ऐन जून महिना. लेतेफोहो गावाच्या वरच्या अंगाला कॉफीची फळं लालबुंद झालेली, चाळीस घरांची तोडणी चाललेली. चार वाजता पोती यायची. तोडलेल्या फळाची साल त्याच संध्याकाळी निघाली नाही, तर रात्रीतून ते आंबतं, आणि आंबलेल्या बीला बाहेरचं गिऱ्हाईक हात लावत नाही.

"एक दिवस तोडणी ठेवायची होती बंद," आमा म्हणाली. ओलांदिना दारातल्या चटईवर बसून आलेल्या-गेलेल्याचा नमस्कार घेत होती. तिला सगळं गाव आमाच म्हणायचं.

"परवाचा पाऊस बघितलास ना? फळं झाडावरच तडकायला लागलीत."

"तुझा बाप असता तर त्यानेही ठेवली नसती म्हणा."

"मग?"

"मग काय. काही नाही. तू जरा बस."

ती बसली नाही. तेवढ्यात खालून सरकारी गाडी वर आली आणि जेफेरिनु उतरला. घरातला धाकटा, आणि राजधानीत, दिलीला, गेलेला एकटा तोच. व्यापाराच्या खात्यात होता, परदेशच्या लोकांसमोर बसून आपल्या देशाच्या बाजूने बोलायचं त्याचं काम. त्याने वाकून आईच्या हाताला ओठ लावले, मग बहिणीपाशी आला. थोरल्या बहिणीला इकडे मानाच म्हणतात.

"माना, बारीक झालीस गं."

"तू नाही झालास."

तो हसला, पण तिच्याकडे बघून नाही. फोन उलटा करून पुन्हा खिशात टाकला. फेलिस्मिनाच्या ते लक्षात आलं. नऊ वर्षांनी मोठी होती ती. काही लपवताना हा पोरगा लहानपणापासून दुसरीकडे बघून हसतो हे तिला पाठ होतं.

"काय झालंय?"

"कुठे काय? मंगळवारी जायचंय ना तिकडे, बोलणी आहेत. डोक्यात तेच असतं."

"तिकडे म्हणजे निळ्या पाटीवाल्यांच्या देशात?"

"हं." आणि तो पाणी प्यायला निघून गेला.

निळी पाटी म्हणजे शेडवर लावलेली पाटी. दहा वर्षांपूर्वी त्या दूरच्या देशाच्या मदतसंस्थेने यंत्र दिलं, जागा अबिलियुने दिली, झऱ्याचं पाणी त्याच्याच घराण्याचं. पाटीवर संस्थेचं नाव इंग्रजीत होतं, ते कोणी वाचायचं नाही.

*

मार्साल एकला पोचला. आमाचा थोरला भाऊ, मालियानाच्या सपाटीवरचा भातकरी, बहात्तर वर्षांचा. पिकअपच्या पाठीवर एक दांडगं डुक्कर, हातमागाच्या दोन चादरी आणि त्याच्या शेतातल्या तांदळाची तीन पोती. आधी बहिणीला भेटला. मग सरळ चुलीकडे गेला आणि मोठ्या भांड्यापुढे उभा राहिला.

"यात काय शिजतंय?"

"भात, तिउ," फेलिस्मिना म्हणाली. मामाला ती तिउच म्हणायची.

"कुणाचा?"

चुलीपाशी एक बाई रिकाम्या पोत्यावर बसली होती, पोत्यावर व्हिएतनामची छापील अक्षरं होती. तिने नकळत लुगडं सारखं करून ती झाकली.

"माझी बहीण या घरात दिल्यापासून," मार्साल म्हणाला, आवाज न चढवता, "या घरातल्या लग्नाला, मयताला, भात माझ्या घरचा शिजलाय. लढाईच्या दिवसांतही डोंगरातून डोक्यावर आणून घातलाय. आणि आज तुम्ही बोटीतला तांदूळ लावलात?"

"तिउ, तुम्ही अकराला येणार होता. एक वाजला. एवढी माणसं उपाशी कशी ठेवू?"

"रस्ता तुझ्या भावाच्या सरकारने केलाय. उशीर का झाला ते त्याला विचार." मग त्याची नजर जेफेरिनुवर गेली आणि त्याला बरंच वाटलं, कारण भाचीशी भांडायची त्याची इच्छा नव्हती. "काय साहेब! परदेशात सह्या करून आलात म्हणे. आता तांदळाच्या बोटीला दारात कोणी विचारतसुद्धा नाही."

"अजून काही झालेलं नाही, तिउ. आणि तांदळावरचा कर आधीही नावालाच होता."

"म्हणजे आधी दार नुसतं उघडं होतं. तुम्ही बिजागऱ्याच काढल्यात."

दोनचार जण हसले. जेफेरिनु नाही.

"तो भात उतरवा," मार्साल म्हणाला. "नाहीतर काळं तुमचं तुम्हीच सोडा. मी आपला निघतो."

हा नुसता रुसवा नव्हता. भावाने काळं सोडल्याशिवाय आमा सुटत नव्हती, आणि आमा सुटल्याशिवाय घर सुटत नव्हतं. फेलिस्मिनाने आईकडे बघितलं.

"उतरवा," आमा बसल्या जागेवरून म्हणाली. "शिजलंय ते टाकू नका, कापणाऱ्यांना आणि गाडीवाल्यांना घाला. पाहुण्यांच्या पानात मार्सालचा भात. तास लागेल तर लागू दे. तू इकडे ये रे, माझ्याजवळ बस, म्हातारा झालास तरी नाकावर माशी बसू देत नाहीस."

मार्साल जाऊन बसला. पोतं फोडलं, नवं आधण चढलं. जेवण तासभर पुढे गेलं, आणि म्हणूनच ट्रक आला तेव्हा सगळे अजून उपाशीच अंगणात होते.

*

ट्रकमधून अकिलिनु उतरला तेव्हा फेलिस्मिनाला आनंदच झाला. संस्थेच्या दिलीतल्या कचेरीत तो पहिल्यापासून होता. यंत्राचा पट्टा तुटला की हाच येणार, पंप अडला की हाच येणार. बौकाउच्या बाजूचा, गोल चेहऱ्याचा माणूस.

"आलास! मला वाटलं आठवण ठेवत नाहीस. ये, भाताला थोडा वेळ आहे, तोवर..."

तो टोपी काढून आधी आमापुढे वाकला. परतला तेव्हा त्याच्या हातात पाकीट होतं आणि ते द्यावं की धरून ठेवावं हे त्याला कळत नव्हतं. ट्रकच्या पाठीवर साखळ्या होत्या, पान्यांची पेटी होती.

"माना, मी नको म्हटलं होतं आजच्या दिवशी. ट्रक आजचाच मिळाला."

"कशासाठी ट्रक?"

"काम थांबवायचा हुकूम आलाय. तिकडे सरकार बदललं, वरून एका ओळीचं पत्र. सगळी यंत्रं, काटे, गाड्या महिनाअखेरीला दिलीच्या गोदामात. पुढे काय ते नंतर कळवणार. आम्हालाही कळवलंय. तीस तारखेनंतर घरी."

फेलिस्मिनाने पाकीट घेतलं नाही. "फळं झाडावर आहेत, अकिलिनु. दोन तासांनी चाळीस घरांची पोती येतील."

"मला माहीत आहे."

"निदान महिनाभर आधी सांगायचं. आम्ही कुणाशी बोललो असतो, कुठून दुसरं यंत्र..."

"आम्हालाच बाराला कळलं. त्याच दिवशी खात्यांना प्रती गेल्या. सेन्योर जेफेरिनुंनी पोच दिली होती की..."

बोलता बोलता त्याने भावाबहिणीच्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि पुढचं वाक्य गिळलं. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. आज सव्वीस तारीख.

"चौदा दिवस," फेलिस्मिना म्हणाली.

"माना, बाजूला चल, सांगतो."

"इथेच सांग. यंत्र काय माझ्या एकटीचं आहे?"

जेफेरिनुने आजूबाजूला बघितलं. कर्णेवाल्याने बिचाऱ्याने आपणहून कर्णा बंद केला होता. "मंगळवारी त्यांच्याशीच बोलणी आहेत. आपली कॉफी तिकडे कराशिवाय जावी, आपल्या मालाची तपासणी इथेच करता यावी, इथली पोरं तिकडे कामाला घ्यावीत. तीन वर्षं खपतोय मी त्याच्यासाठी. आम्हाला वरून सांगितलं, मदत बंद केल्याचा गाजावाजा करू नका. आता ओरड केली तर म्हणतील, दहा वर्षं दिलं ते विसरले. टेबलाशी बसायच्या आधीच..."

"कराशिवाय काय जाणार रे तिकडे?" तिने विचारलं. "आंबलेली फळं?"

"एका यंत्राचा प्रश्न नाही हा!"

"माझा एका यंत्राचाच आहे!"

अकिलिनु हळूच म्हणाला, "खरं म्हणजे यंत्र तुमच्या चाळीस घरांच्या गटाच्या नावावर असतं, तर मला हात लावता आला नसता."

"ते होणारच होतं ना? काही वर्षांनी आपल्या नावावर, असं लिहिलेलं होतं. आपांनी दाखवला होता मला तो कागद." बापाला दोघंही भावंडं आपाच म्हणायची.

"हस्तांतराचा कागद. आमची सही करून आम्ही पाठवला, माना. दोन वर्षं झाली. खात्याची सही झाली की यंत्र तुमचं. तो परतच आला नाही."

"कुठे अडकला?"

अकिलिनुला माहीत नव्हतं. पण जेफेरिनुच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"माझ्या टेबलावर," तो म्हणाला.

*

जेफेरिनुला त्या क्षणी दिलीतलं आपलं स्वयंपाकघर दिसत होतं. बाप तपासणीसाठी दवाखान्यात आला होता, तेव्हाच खोकला वाढलेला. टेबलावर तो कागद उघडा पडला होता, कारण जेफेरिनुने मोठ्या हौसेने बापाला दाखवायला घरी आणला होता. अबिलियुने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग घडी घालून परत दिला.

"सही करू नकोस."

"का, आपा?"

"त्यांचं आहे तोवर पट्टा तुटला की त्यांची गाडी येते. आपलं झालं की चाळीस घरांकडे हात पसरत मला फिरायला लागेल, आणि निम्मे देणार नाहीत. माझ्या हयातीत राहू दे असंच. मी गेल्यावर काय ते करा."

मग बाप गेला. आणि सही करायला घेतली की बापाच्या मरणावरच सही करतोय असं काहीतरी जेफेरिनुच्या मनात यायचं. असं करता करता वर्ष निघून गेलं. हे आज, बापाच्या दुखवट्याच्या दिवशी, या अंगणात कसं सांगायचं?

"बोल ना!" फेलिस्मिना त्याच्यासमोर येऊन उभी होती. "दोन वर्षं! एक सही! आपांनी जमीन दिली, पाणी दिलं, रोज शेडमध्ये जाऊन बसायचे ते. त्यांना कळलं असतं तर चारचौघांत थोबाडात मारली असती तुझ्या."

"विसरलो," जेफेरिनु म्हणाला.

"विसरला?"

"कामाच्या गडबडीत राहून गेलं."

"विसरला नव्हता तो," आमा म्हणाली.

तिचा आवाज मोठा नव्हता, पण आमा मध्ये बोलली की या घरात सगळे थांबायचे.

"तुझ्या बापाने सांगितलं त्याला सही करू नको म्हणून. मी चहा गाळत होते तिथे. मोडलं तर दुरुस्ती कोण करणार, निम्मे पैसे देणार नाहीत, असं म्हणाला. आणि त्याचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. मीही गप्प बसले." तिने डोक्यावरचं काळं फडकं पुढे ओढलं. "पोरगा बापाला झाकतोय. तू त्याच्या अंगावर जाऊ नकोस. जायचंच तर माझ्या अंगावर ये."

वर्षभर फेलिस्मिना रोज पहाटे शेडमध्ये जाऊन बापाच्या बाकड्यावरची धूळ पुसायची. आजूबाजूला बघून तिने एक पालथी टोपली ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदा खाली बसली.

*

मार्साल हे सगळं बहिणीशेजारून बघत होता. सुरुवातीला त्याला मजा वाटली होती, खोटं कशाला बोला. साहेब झालेल्या भाच्याची चारचौघांत उतरते आहे हे बघून पोटात जरा गार पडलं होतं. पण आता वेळेआधीच वाटेवरून पहिली पोती यायला लागली होती. तोडणीवाले डोक्यावरून पोती उतरवत आणि ट्रक बघून जागच्या जागी उभे राहत. कोणी काही विचारत नव्हतं. ते उभं राहणं मार्सालला चांगलं ओळखीचं होतं.

अकिलिनु जेफेरिनुपाशी सरकला होता. "तो कागद आता कुठे आहे?"

"गाडीत. बारा तारखेपासून बरोबर घेऊन फिरतोय."

"आमची सही जुनीच आहे. तुम्ही तारीख मागची टाका, गेल्या वर्षीची. कोण बघायला येतंय? मी नेतो आणि सांगतो, फायलीत होता, आम्हालाच दिसला नव्हता."

फेलिस्मिनाने मान वर केली. "टाक."

"नाही."

"आता कशाची भीती? विमान चुकायची?"

"माना, बाराला मी पोच दिली आहे. मागच्या वर्षी यंत्र आपलं झालं असतं, तर पोच देताना मी तसं लिहिलं नसतं? पहिलाच माणूस जो दोन्ही कागद शेजारी ठेवेल त्याला कळेल. मग मी जाईनच, पण तुमच्या गटाचं नाव खोट्या कागदात येईल. गिऱ्हाईक एवढ्या लांबून तुमच्या शब्दावर माल घेतं."

"मग बसा हात चोळत!" ती उठली. "बघू या वाट! नवं सरकार येईल, पुन्हा पाटी लावेल..."

"वाट बघू नका," मार्साल म्हणाला.

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हातारा उठून उभा राहिला होता.

"आमच्या पाटाचं दार असंच कुणीतरी दिलेलं. लोखंडी, दगडात नाव कोरलेलं. पुरात त्याचं चाक अडकलं. आम्ही म्हटलं, त्यांचं आहे, ते करतील. अर्ज केला. माणूस आला, फोटो काढून गेला. चार हंगाम पाणी नाही. माझ्या भावाची दोन्ही पोरं तिकडे थंडीच्या देशात मांस कापायला गेली. मग एक दिवस मालियानाच्या एका लोहाराने ते चाक एका दुपारी सोडवलं. एका दुपारी! आम्हाला कुणालाच हात लावायचं सुचलं नव्हतं. तोवर शेतात गवत माझ्या छातीला आलेलं." त्याने भाच्याकडे बोट केलं. "बोटीचा तांदूळ आला तो त्या गवतामागून आला रे. मी सगळं खापर तुझ्या डोक्यावर फोडतो, कारण तू समोर सापडतोस. पण सही कर. आजची तारीख टाकून कर. चालली तर चालली."

जेफेरिनु गाडीपाशी गेला. कागद आणि खात्याचा शिक्का आणला, कागद बॉनेटवर ठेवला आणि खाली लिहिलं: यंत्र गटाच्या ताब्यात, खात्याच्या वतीने मंजूर. आपलं पूर्ण नाव, हुद्दा, सव्वीस जून. शिक्का तिरका उमटला.

"याला वरून कोणाची परवानगी?" अकिलिनुने विचारलं.

"सहीचा अधिकार माझाच आहे. विचारायला हवं होतं, विचारलं नाही, एवढंच."

"ते मानणार नाहीत कदाचित."

"नाही मानलं तर भांडतील. माझ्याशी. नाव वाचता येईल असं लिहिलंय."

अकिलिनुने कागद वाचला, पुन्हा वाचला. "सेन्योर, माझ्या हुकमात यंत्र आणायचंच लिहिलंय. कागद आणायचं नाही."

"मग ने," आमा म्हणाली. "तुला कोणी अडवणार नाही, माझा शब्द. शेड तिथे आहे. यंत्र सिमेंटात आठ बोल्टांनी बसवलंय, माझ्या नवऱ्याने स्वतः आवळलेत ते. तू सोड. पण आमच्यातला कोणी हात लावणार नाही. आणि आधी जेव. जेवल्याशिवाय या दारातून आज कोणी जात नाही."

अकिलिनुने शेडकडे बघितलं. आपल्या ड्रायव्हरकडे बघितलं. तो केव्हाच कापणाऱ्यांच्या पंगतीत बसून तोंडभर घास खात होता. पोत्यांपाशी आता तीसएक माणसं गप्प उभी होती. अकिलिनु बराच वेळ टोपी बोटांवर फिरवत राहिला. मग त्याने कागदाचा फोटो काढून कचेरीला पाठवला, कागदाची घडी घातली आणि आतल्या खिशात ठेवली.

"तीसला घरी बसायचं होतं," तो म्हणाला. "आजच बसतो. चार दिवसांनी काय होतंय? भात झाला का?"

*

जेवणं घाईत झाली. मार्सालचा तांदूळ जाड, थोडा तांबूस, मिरचीच्या ठेच्याबरोबर तो भरपूर संपला. मग मार्साल बहिणीच्या मागे उभा राहिला आणि तिच्या डोक्यावरची गाठ सोडायला लागला. वर्षभराची गाठ, घामाने घट्ट झालेली, आणि त्याची बोटं वाकडी. सुटेना. "दातांनी सोड," आमा म्हणाली. "डुक्कर खातोस की त्याच दातांनी." ती हसत होती आणि गालांवरून पाणी ओघळत होतं. शेवटी फडकं निघालं. तिचे केस सगळे पांढरे झाले होते, हे घराने तेव्हा बघितलं.

यंत्र चारला सुरू झालं. त्याआधी फेलिस्मिना शेडच्या दारात पोत्यांसमोर उभी राहिली.

"ऐका. यंत्र आपलं झालंय. कदाचित पुढच्या महिन्यात कोणी येऊन म्हणेल नाही झालं, ते तेव्हा बघू. पण आजपासून पट्टा तुटला तर फोन करायला कोणी नाही. डिझेल आपलं, पट्टा आपला. प्रत्येक घराला हंगामाला काहीतरी काढून द्यावं लागेल. ज्याला नको त्याने आत्ता सांगावं."

कुजबुज झाली. खालच्या वस्तीतल्या दोन घरांनी पोती पुन्हा डोक्यावर घेतली. व्यापाऱ्याचा पिकअप फाट्यावर रोज यायचा. फळं तशीच घ्यायचा, कमी भावात, पण पुढचं काही मागायचा नाही. त्यांच्यातला एक फेलिस्मिनाचा सख्खा चुलतभाऊ होता. तो मान खाली घालून गेला. बाप म्हणाला होता निम्मे देणार नाहीत. दोन गेले, अडतीस राहिले. पण हंगाम संपायचा होता अजून, आणि पट्टा अजून तुटायचा होता. तिने हातांना फडकं गुंडाळलं आणि पहिलं पोतं ओतलं.

जेफेरिनुचा फोन साडेपाचला वाजला. तो पाण्याच्या टाक्यामागे जाऊन बोलला. "हो," म्हणाला. "हो, मीच." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "कागदपत्रं सोमवारी आणून देतो." टाक्यापलीकडे मार्साल हातपाय धूत होता.

"नेत नाहीत?"

"दुसरा जाणार आहे."

"त्याला कॉफीतलं काही कळतं?"

"मी लिहून दिलेलं वाचेल."

मार्सालने पाय पुसले. "माझ्या तांदळाचंही घातलं असतंस त्यात कुठेतरी."

"तो विषयच नव्हता, तिउ, त्यांच्या यादीत."

"मी त्यांच्या यादीचं नाही म्हणत," म्हातारा म्हणाला. मग त्याला ते जरा जास्त झालं असं वाटलं असावं, कारण त्याने भाच्याच्या खांद्यावर ओला हात ठेवला आणि तसाच ठेवून त्याच्याबरोबर अंगणापर्यंत चालत आला.

फेलिस्मिनाला हे मार्सालने सांगितलं की तिने जेफेरिनुच्या तोंडावरून ओळखलं, कोण जाणे. यंत्राच्या आवाजात ती त्याच्या कानाशी येऊन ओरडली:

"मंगळवारी मोकळा आहेस ना?"

"आहे."

"मग ये. दोन हात कमी आहेत मला."

तो सोमवारी दिलीला जाऊन कागद देऊन आला आणि मंगळवारी, त्याचं विमान उडायच्या वेळेला, उंच सावलीच्या झाडांखाली कंबरेला टोपली बांधून उभा होता. फेलिस्मिना मागून यायची, त्याच्या टोपलीत हात घालायची आणि फळं बाहेर फेकायची.

"हे कच्चं. हेही कच्चं. हे बघ, हिरवं आहे अर्धं. आंधळा आहेस का?"

"आठ वर्षं झाली गं, माना."

"दिसतंय," ती म्हणाली, आणि त्याचा हात पोचत नव्हता ती वरची फांदी तिने वाकवून त्याच्यासमोर धरली.